आपल्यासाठी उपलब्ध मुदत

एकतीस वर्षं मी टेलिफोन खात्यात केबल जॉइंटर होतो. रस्त्यात खणलेल्या खड्ड्यात उतरायचं, तुटलेल्या केबलीतल्या शेकडो तारा रंगावरून ओळखायच्या आणि जोडीजोडीनं जुळवायच्या, हे माझं काम. त्यामुळे वायरीबद्दल मला कुणी अक्कल शिकवायला आलं की माझं डोकं फिरतं, हे आधीच सांगून ठेवतो. नाशिकला पाथर्डी फाट्याजवळच्या टॉवरमध्ये एकोणिसाव्या मजल्यावर आम्ही फ्लॅट घेतला, तेव्हा नेट, फोन आणि टीव्ही कुणाकडून घ्यायचा हे ठरवायचं काम मंजूनं माझ्यावरच टाकलं. मंजू म्हणजे मंजूषा, माझी बायको. आम्ही दोघंच आहोत. मूलबाळ नाही. त्याचं रडणं वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच रडून झालंय.

दिवाळीनंतरचा रविवार होता. क्लब हाउसमध्ये तीन कंपन्यांनी टेबलं मांडली होती. पहिल्या टेबलावरच्या टाय लावलेल्या गृहस्थांना मी विचारलं, इथपर्यंत लाइनीला जॉइंट किती आहेत? ते म्हणाले, सर, आमचं सगळं क्लाउडवर आहे. मी पुढच्या टेबलाकडे गेलो. तिथं सहाशे चॅनेल होते, पण फोन नव्हता.

"फोन म्हणजे?" तिथल्या मुलीनं विचारलं.

"तारेचा. भिंतीजवळ ठेवतात तो."

तिनं शेजारणीला कोपरानं ढोसलं. "अगं, सरांना तारेचा फोन हवाय." दोघी माझ्याकडे इतक्या मायेनं बघायला लागल्या की मला तिथून पळावंसं वाटलं.

तिसरी कंपनी 'सहवास'. दर निम्मा, चॅनेल सगळे, आणि तारेचा फोनसुद्धा. फक्त एक होतं. पहिले तीन महिने सगळ्यांना सारखे. नंतर कंपनी प्रत्येक घराला जास्तीत जास्त किती मुदतीचा प्लॅन घेता येईल ते कळवणार. त्यापेक्षा कमी मुदतीचा कुणीही घ्यावा, जास्तीचा मिळणार नाही. आणि तारेचा फोन मात्र पाच वर्षांच्या प्लॅनवरच.

"मुदत कोण ठरवतं?" मी विचारलं.

"मशीन ठरवतं, सर. घर बघून."

घर बघून म्हणजे ऐपत बघून, असं मी समजलो. पेन्शन वेळेवर येते, फ्लॅटवर कर्ज नाही, मला कोण नाही म्हणणार? मी सही करून टाकली. म्हणजे मंजूला वरून बोलावलं आणि तिची सही घेतली. फ्लॅट तिच्या नावावर होता, कारण बाईच्या नावावर घेतला की नोंदणीला सवलत मिळते. मग लाइटचं मीटर तिच्या नावावर आलं आणि त्यापाठोपाठ हे कनेक्शनही.

आठ दिवसांनी कंपनीचा माणूस आला. उमाठे नाव, चाळिशीचा, मूळचा वर्ध्याकडचा. साबणाच्या वडीएवढे चार पांढरे डबे त्यानं चार खोल्यांत छताजवळ चिकटवले. एक स्क्रू मारला नाही. मी म्हटलं, पडतील. तो म्हणाला, "नाही पडत काका." मग तो मंजूकडे वळला. "मॅडम, ग्राहकानं आपल्या झोपायच्या जागी दोन मिनिटं उताणं पडायचं, अन् मग दहा पावलं चालून दाखवायचं. लाइनीचं सेटिंग असते."

मंजू स्वयंपाकघराच्या दारातूनच म्हणाली, "मी नाही बाई परक्या माणसासमोर आडवी होणार. अहो, तुम्हीच पडा."

"चालेल का हो?" मी उमाठेला विचारलं.

"होऊन जाते काका. पडा." त्याला अजून सहा घरं उरकायची होती.

आता आमच्या घरात हे असंच चालतं. तिच्या नावाची बँकेतली कामं मी करतो, माझ्या नावाचा सिलिंडर ती उतरवून घेते. सही ज्याची त्यानं केली की बाकीचं ज्याला वेळ आहे तो उरकतो. मी पलंगावर तिच्या बाजूला पडलो, दोन मिनिटं छताकडे बघितलं, उठून दहा पावलं चाललो. डब्यावर हिरवा दिवा लागला.

"तुमचं वेगळं घेऊ का आता?" उमाठेनं विचारलं.

"माझं काही नको. घर हिचं, लाइन हिची, मी आपला पाहुणा."

तो हसला आणि त्यानं त्याच्या फोनवर काहीतरी टिपलं.

दुसऱ्या दिवसापासून टीव्ही रोज सकाळी आपोआप उजळायचा आणि गोड आवाजात म्हणायचा, "सुप्रभात मंजूषाताई." कधी म्हणायचा, काल झोप कमी झाली. कधी म्हणायचा, आज हवा छान आहे. मंजूला आधी त्याचं कौतुक वाटलं, मग ती कुरकुरायला लागली. "तुम्ही फिरायला गेलात की मेलं गप्प बसतं. तुम्ही दारातून आत आलात की मग माझी आठवण येते त्याला."

"बाईमाणूस घरात एकटं असताना हाक मारायची नाही, असं शिकवलं असेल," मी म्हटलं. "संस्कारी डबा आहे."

फेब्रुवारीत तीन महिने संपले. त्या आठवड्यात सोसायटीत सगळ्यांच्या टीव्हीवर मुदतीचं पान आलं. खालच्या मजल्यावरचे वाघचौरे अण्णा चौऱ्याहत्तर वर्षांचे, बायपास झालेले, लिफ्ट बंद असली की दोन जिने चढून अर्धा तास पायरीवर बसणारे. त्यांना पाच वर्षं मिळाली, वर मोठा टीव्ही भेट. मी आमचं पान उघडलं आणि पाच वर्षांवर बोट ठेवलं. अक्षरं आली: क्षमस्व. मंजूषा खैरनार, आपल्यासाठी उपलब्ध मुदत: चौदा महिने.

माझा पारा चढला. तारेच्या फोनसाठी मी ह्या कंपनीकडे गेलो होतो, आणि त्या अण्णांना, ज्यांना फोन लावायला नातू लागतो, त्यांना पाच वर्षं? मी तक्रार केंद्राला फोन केला. तिथलं यंत्र सात वेळा दिलगीर झालं. शेवटी महिन्या-महिन्याचा प्लॅन घेऊन मी लाइन चालू ठेवली. पंधरा दिवसांनी पुन्हा बघितलं तर मुदत तेरा महिने झाली होती.

बी विंगमधल्या ललिता देवरेंना तर एकच महिना आला होता. त्या पंचेचाळिशीच्या, सोसायटीत योगासनांचा वर्ग घ्यायच्या, अंगात मांस म्हणून नाही असा काटकपणा. त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर कंपनीच्या नावानं खडे फोडले. सगळ्यांनी हसण्याची चिन्हं टाकली. मीसुद्धा टाकलं. बावीस दिवसांनी सकाळी पोहे खाता खाता त्या टेबलावर पुढं वाकल्या आणि गेल्या. चारच महिन्यांपूर्वी सगळ्या तपासण्या केल्या होत्या, सगळ्या चांगल्या आल्या होत्या.

तेरावा झाला. कुणी उघड बोललं नाही. पण पाहुणे आले की लोक टीव्हीवर चादर टाकायला लागले. लिफ्टमध्ये बायका एकमेकींना हळूच विचारायच्या, तुमच्याकडे किती? पाचव्या मजल्यावरच्या सोनजेंच्या मुलीचं लग्न ठरत होतं, तर मुलाकडच्यांनी पत्रिकेबरोबर त्या पानाचा फोटो मागितला. वाघचौरे अण्णांनी पेढे वाटले. मी पेढा घेतला खरा, पण तो तसाच खिशात ठेवला.

मी उमाठेला गाठलं. तो आमच्या टॉवरसमोरच्या टपरीवर चहा पीत होता. मला बघून त्यानं मान खाली घातली.

"उमाठे, हे मुदतीचं काय आहे?"

"तुम्ही काहून विचारून राहिले काका? घ्या चहा."

"मी एकतीस वर्षं लाइनीवर काढली आहेत. मला सरळ सांग."

मग त्यानं सांगितलं. घर रेडिओलहरींनी भरलेलं असतं, हे मला कुणी शिकवायला नको होतं. माणसाचं निम्म्याहून जास्त अंग म्हणजे पाणी. लहर अंगावर आदळते, थोडी मुरते, उरलेली परत फिरते. आपण श्वास घेतला की छाती जेमतेम अर्धा सेंटीमीटर पुढं येते. हृदय ठोका देतं तेव्हा कातडी त्याहून कितीतरी कमी हलते. पण तेवढ्यानंही परतीच्या लहरीची वाट कमी-जास्त होते, आणि डबा सेकंदाला हजार वेळा ती मोजतो. पूर्वी ह्याला खरखर म्हणून फेकून देत. आम्हीसुद्धा लाइनीवरची खरखर काढायलाच पगार घेत होतो. सहवासनं ती खरखर साठवून ठेवली.

"कशासाठी?"

"ग्राहक सोडून जाऊ नये म्हणून." उमाठेनं कप खाली ठेवला. "कनेक्शन कोण बंद करणार हे आधी कळलं तर कंपनीचं काम होते ना. म्हणून मशीनला आठ वर्षांचा, चाळीस लाख घरांचा माल दिला. ह्या ग्राहकानं लाइन सोडली, त्याच्या आधीची खरखर ही. बस, एवढंच. मरण म्हणजे काय हे त्याला कुणी सांगितलंच नाही. त्यानं आपलं हुडकलं. ठोक्यांमधलं अंतर एकसारखं व्हायला लागते म्हणे. पाऊल आखूड पडते. कूस बदलायला वेळ लागते. डॉक्टरला दिसत नाही इतकं बारीक असते ते. त्याच्या लेखी हा ग्राहक इतक्या दिवसांनी राहणार नाही. कुठं जाणार, ते मशीनला माहीत नाही काका."

"चुकतं का?"

त्यानं खिशातून सुटे पैसे काढले. "लोक घर बदलतात तेव्हा चुकते कधीकधी," तो म्हणाला. मग चहाचे पैसे ठेवून निघून गेला.

त्या दिवशी घरी आलो तेव्हा मंजू सोफ्यावर गुडघ्याला तेल चोळत बसली होती. तिचा उजवा गुडघा पार गेलेला. मे महिन्यात बदलायचं ठरलं होतं, तारीख घेतली होती. मी दारात उभा राहून तिच्याकडे बघत राहिलो. छत्तीस वर्षांच्या संसारात तिच्याकडे इतका वेळ मी कधी बघितलं नव्हतं, हे खरं आहे, आणि त्याची मला लाज वाटली.

"काय बघताय? चप्पल काढा," ती म्हणाली.

पुढचे दोन महिने मी तिला डॉक्टरांकडे फिरवलं. हृदय, फुप्फुसं, रक्त, पोट, डोकं. एका यंत्रातून काढली की दुसऱ्यात घालायची. सगळे रिपोर्ट स्वच्छ. गुडघा सोडला तर बाईंची तब्येत ठणठणीत आहे, असं डॉक्टर म्हणायचे, आणि मला धीर येण्याऐवजी ललिता देवरेंचे स्वच्छ रिपोर्ट आठवायचे. मंजूला मी काही बोललो नव्हतो. पण चहा मी करायला लागलो, भांडी मी विसळायला लागलो, भांडणात तिचंच खरं म्हणायला लागलो.

एक दिवस भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "अकरा झाले."

"काय अकरा?"

"सोंग नका करू. ललिता गेली त्याच दिवशी मला कळलं. रोज तुम्ही आंघोळीला गेलात की मी ते पान बघते." तिनं मेथीची जुडी बाजूला ठेवली. "गुडघ्याची तारीख मी रद्द केलीय. अकरा महिन्यांसाठी कशाला कापाकापी? त्यातले तीन नुसते पडून जातील."

मला रडू फुटलं. मी काही रडणारा माणूस नाही, पण फुटलं. तिनं मला रडू दिलं, पाठीवरून हात फिरवला, आणि मग म्हणाली, "झालं? आता उठा. तुम्हाला साधी खिचडी येत नाही. माझ्यामागं खाल काय?"

मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता ते चारही डबे उपटून फेकतो. ती म्हणाली, राहू द्या. मोजायचं बंद केलं म्हणून जायचं थोडंच थांबणार आहे? निदान किती घाई करायची ते तरी कळतंय.

आणि तिनं घाई केली. सकाळ-संध्याकाळ मला ओट्यापाशी उभं करायची. तांदूळ किती वेळा धुवायचे, डाळीला हळद कधी, कुकरची शिट्टी होत नसेल तर आधी रिंग बघायची. डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. तिचा गुडघा दुखायचा म्हणून ती स्टुलावर बसायची आणि तिथून हुकूम सोडायची. माझी पहिली पोळी तिनं उजेडाकडे धरून बघितली आणि म्हणाली, "ह्यातून पाथर्डी फाटा दिसतोय." आम्ही दोघं हसलो. लग्नानंतर आम्ही इतकं एकत्र कधी राहिलोच नव्हतो, मी आपला सदानकदा खड्ड्यात. तिची कळ मात्र वाढत चालली होती. संडासला जातानासुद्धा ती भिंतीला धरून चालायची, आणि मी ऑपरेशनचं नाव काढलं की हातानंच गप्प करायची.

सप्टेंबर उजाडला तेव्हा सात महिने उरले होते. धुळ्याला तिच्या बहिणीकडे नातवाचं बारसं होतं. भाचा गाडी घेऊन न्यायला आला. "आठ दिवस राहते," मंजू म्हणाली. "पुन्हा कधी भेट होतेय. तुम्ही इथंच थांबा, एकट्यानं करून खाता येतंय का ते तरी कळेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी चहाचं आधण ठेवलं. हॉलमध्ये टीव्ही उजळला.

"सुप्रभात मंजूषाताई. काल झोप कमी झाली."

मी गॅस बारीक केला. यंत्राला काय कळतंय ती धुळ्याला गेली ते, असं म्हणून मी हॉलमध्ये आलो. पडद्यावर खाली बारीक अक्षरात दुसरी ओळ होती. ती मी कधी वाचायच्या फंदात पडलो नव्हतो. *मंजूषाताई हॉलमध्ये आहेत. पाहुणे कालपासून घरी नाहीत.*

मी बेडरूममध्ये गेलो आणि दारातून मागं वळून बघितलं. मंजूषाताई बेडरूममध्ये आहेत. मी स्वयंपाकघरात गेलो. मंजूषाताई स्वयंपाकघरात आहेत. मी जागच्या जागी उभा राहिलो, श्वास रोखून धरला. थोड्या वेळानं तो आवाज मऊ होऊन म्हणाला, "मंजूषाताई, आपण ठीक आहात ना?"

कितीतरी वर्षं खड्ड्यात बसून दुसऱ्यांच्या तारा जुळवल्या मी, आणि इथं माझ्याच घरात जोडी चुकीची लागली होती. नाव मंजूचं, पण पलंगावर मी पडलो होतो. दहा पावलं मी चाललो होतो. दहा महिने तो डबा माझी छाती मोजत होता, आणि मंजू त्याच्या लेखी पाहुणी होती. म्हणून मी फिरायला गेलो की तो गप्प बसायचा.

त्या क्षणी मला काय वाटलं ते सांगतो. मला आनंद झाला. मंजूला काही होणार नव्हतं. मी त्या रिकाम्या हॉलमध्ये मोठ्यानं हसलो, तिला धुळ्याला फोन लावायला मोबाइलसुद्धा उचलला. मग तो खाली ठेवला. मी सोफ्याला टेकून फरशीवर बसलो. मला मरायचं नव्हतं. नुकतीच कुठं मला आमटी जमायला लागली होती. आत चहा उतू गेला, गॅस विझला, आणि त्याचा वास आला तेव्हा मी भिंतीला धरत उठून बटण बंद केलं.

दुसऱ्याच दिवशी मी मंजूच्याच डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ईसीजीची पट्टी काढली, छातीवर यंत्र फिरवलं, रक्त घेतलं. "सगळं छान आहे काका," ते म्हणाले. "ठोके अगदी घड्याळासारखे पडताहेत तुमचे. सहा महिन्यांनी या." मी त्यांना विचारलं, घड्याळासारखे पडणं चांगलं की वाईट? ते हसले आणि त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

उरलेले दिवस मी विचार करत काढले. मंजूला सांगायचं की नाही? नाही सांगितलं तर ती तो गुडघा घेऊन मरणाची वाट बघत बसणार. सांगितलं तर तिचं ओझं उतरणार आणि त्याच्या दुप्पट डोक्यावर बसणार. शेवटी मी एक मधला मार्ग काढला. उमाठेला बोलावलं, सगळं सांगितलं. तो खुर्चीत बसून ऐकत होता, आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "माझी चूक आहे काका," तो म्हणाला. "मीच पडा म्हणालो तुम्हाला."

"चूक बीक राहू दे. ती आली की नवीन नोंदणी करायची. तिला म्हणायचं, डब्यात बिघाड होता, सगळे आकडे खोटे होते. माझं नाव काढायचं नाही. बोलशील एवढं?"

"बोलतो."

मंजू सोमवारी आली. प्रवासानं गुडघा सुजला होता. मी वरण-भात वाढला, तिनं दोनदा मागून घेतला. मग मी जमेल तितक्या सहज म्हटलं, "कंपनीचा फोन आला होता. आपल्या डब्यात बिघाड आहे म्हणे. पहिल्यापासून चुकीचं मोजत होता. उद्या उमाठे येतोय, तुला दोन मिनिटं पडावं लागेल."

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. "बिघाड?"

"बिघाड."

तिनं रिकामं ताट माझ्याकडे सरकवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी उमाठे आला. मंजू लंगडत बेडरूममध्ये गेली, ओढणी नीट केली आणि ह्या खेपेला काही कुरकुर न करता तिच्या बाजूला आडवी झाली. मी दारात उभा होतो. दोन मिनिटं ती छताकडे बघत होती. मग उठून, माझा हात न धरता, वाकडीतिकडी दहा पावलं चालली. हिरवा दिवा लागला. कंपनीच्या गणिताला आता तीन महिने थांबावं लागत नव्हतं, दहा मिनिटांत उत्तर येत होतं. आम्ही तिघं हॉलमध्ये बसलो. मग पडद्यावर पान उघडलं.

मंजूषा खैरनार, आपल्यासाठी उपलब्ध मुदत: पाच वर्षे.

"बघा मॅडम," उमाठे म्हणाला. त्याचा आवाज जरा जास्तच मोठा निघाला. "बिघाडच होता. पाच वर्षं आली. मोठा टीव्ही भेट, तारेचा फोन भेट. पाचचा आकडा टाकून देऊ?"

मी टाळी वाजवली. खरंच वाजवली, आणि "म्हटलं नव्हतं मी?" असंही म्हणालो. मंजू पडद्याकडे बघत होती. मग तिची नजर बेडरूमच्या दाराकडे गेली, पलंगाकडे, तिथून फिरून माझ्याकडे आली. माझ्या तोंडाकडे तिनं बघितलंच नाही. शर्टाच्या दुसऱ्या-तिसऱ्या बटणापाशी ती बघत राहिली, आणि बराच वेळ बघत राहिली. मी श्वास सरळ घ्यायचा प्रयत्न केला.

"उमाठेभाऊ," ती म्हणाली, "कमी मुदतीचा घेता येतो ना?"

"येतो की. पण काहून मॅडम? पाच वर्षांचा—"

"सात महिन्यांचा द्या."

"अगं, वेडी आहेस का?" मी म्हटलं. "पाच वर्षं मिळताहेत. फोन मिळतोय. नंबर कायम राहील आपला."

"तो फोन घेऊन मी बोलू कुणाशी?" मंजू म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता, बाजारात भाव विचारताना असतो तसा. तिनं सोफ्यावरून सरकून मला जागा केली. "बसा इथं. सकाळपासून उभे आहात. आणि त्या गुडघ्याच्या डॉक्टरांना आजच फोन करा, लवकरातली लवकर तारीख द्या म्हणावं. आता मला चालता आलं पाहिजे."

मी तिच्या शेजारी बसलो. तिनं माझा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला आणि दोन बोटं मनगटावर ठेवली. उमाठेनं माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली, आणि त्यानं सातचा आकडा टाकला.